परक्याचें माजघर

आपल्या घरांत काय शिजलें आहे यापेक्षां शेजारच्या घरांत काय शिजलें आहे याची चौकशी अधिक, असें म्हणून वडील मंडळी घरांतील बायकांस हिणवीत आलेली आहेत. या हिणवण्यांत अर्धें सत्य आहे. परंतु तें केवळ बायकांपुरतें नाहीं आणि केवळ शेजारापुरतेंही नाहीं. ज्या घरीं आपण कधीं जाणार नाहीं, ज्यांच्या पंक्तीस कधीं बसणार नाहीं, ज्यांची भाषा, हवा, देव आणि अन्न यांपैकीं कांहींच आपलें नाहीं, अशांच्या दिनचर्येचें वर्णन हातीं आलें म्हणजे चांगला सुशिक्षित गृहस्थही हातांतील पंचांग बाजूस ठेवून तें वाचीत बसतो. तीं माणसें सकाळीं किती वाजतां उठतात, पाणी कोठून आणतात, मुलीचें लग्न कसें करितात, म्हातारपणीं कोणाजवळ राहतात, ही माहिती व्यवहारांत कवडीच्याही उपयोगाची नसते. तरी तिची गोडी पुष्कळदां कादंबरीहून अधिक लागते. ही गोडी कसली, आणि ती कोठवर पुरते, याचा थोडा विचार करावा असें बरेच दिवस आमच्या मनांत होतें.

अशा लेखनाचा मराठींतील सर्वांत रसाळ नमुना, आमच्या मतें, एका भिक्षुकाच्या हातचा आहे. पेणजवळील वरसई गांवचे विष्णुभट गोडसे हे १८५७ सालीं घरचें कर्ज फिटावें या हेतूनें दक्षिणेच्या आशेनें उत्तर हिंदुस्थानांत गेले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार अशी वार्ता त्यांच्या कानीं आली होती. वाटेंत बंडाचा वणवा पेटला, आणि १८५८ त झांशीस वेढा पडला तेव्हां भटजी शहरांतच होते. मिळविलेलें द्रव्य लुटलें गेलें. हातीं राहिली ती गंगेची कावड, आणि ती मात्र त्यांनीं घरापर्यंत पोंचविली. पुढें पंचवीस वर्षांनीं, १८८३ च्या सुमारास, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनीं ही हकीकत लिहून काढिली, व वैद्यांनीं ती १९०७ सालीं ‘माझा प्रवास’ या नांवानें प्रसिद्ध केली. आतां, लढाईचें वर्णन इंग्रजांच्या दप्तरांत हवें तितकें आहे. भटजींचें पुस्तक आपण वाचतों तें निराळ्या कारणासाठीं. झांशीच्या वाड्यांत राणीसाहेबांचा दिवस कसा जाई, व्यायाम केव्हां, स्नान केव्हां, दानधर्म किती, हें त्यांनीं भिक्षुकाच्या सावध नजरेनें पाहून ठेविलें आहे. राणीचें शौर्य सर्वांस ठाऊक होतें. तिचा दिनक्रम या ब्राह्मणानें सांगितला म्हणून ती आपणांस माणूस म्हणून दिसली.

पंडिता रमाबाईंचें ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हें पुस्तक १८८९ चें. त्याची जात वेगळी. रमाबाई केवळ पाहत नाहींत, त्या तोलीत असतात. अमेरिकेंतील घर, शाळा, बायकांच्या सभा यांचें वर्णन करितांना त्यांचा एक डोळा सतत आपल्या देशाकडे असतो. असें पुस्तक वाचून माणूस शहाणा होतो. पण दुपारच्या वेळीं माजघरांत तें मोठ्यानें वाचलें जाई कीं नाहीं याविषयीं आम्हांस शंका आहे.

माजघरांत वाचलीं गेलीं तीं पुस्तकें दुसरीं. रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें १९१० सालीं निघालें. न्यायमूर्तींचें राजकारण किंवा अर्थशास्त्र त्यांत शोधणारा निराश होईल. परंतु नवऱ्याच्या आज्ञेनें इंग्रजी शिकूं लागलेल्या सुनेस घरांतील वडील बायका कसें टोंचून बोलत, तें ज्यांनीं स्वतः ऐकून घेतलें होतें अशा किती तरी सुना तें पुस्तक जपून ठेवीत. ‘स्मृतिचित्रें’ त्याहून पुढचें. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म, माहेर, सासर, वडिलांचें टोंकास गेलेलें सोंवळें, हें सगळें ब्राह्मण वाचकांच्या ओळखीचें; आणि मग १८९५ सालीं पति ख्रिस्ती झाले, त्या पांच वर्षें दुःखांत आणि द्विधा मनःस्थितींत राहून १९०० सालीं स्वतः ख्रिस्ती झाल्या. या घटनेवर वर्तमानपत्रांतून वादविवाद झाले असतील. घरांतील बायकांस वाद नको होता. उंबरठा ओलांडल्यावर पुढें काय झालें, हें त्यांस हवें होतें. स्वयंपाक कोण करी? पहिल्या दिवशीं कोणाच्या हातचें पाणी प्यालें? माहेरच्यांनीं दारांत घेतलें कीं नाहीं? १९३४ पासून भागशः निघालेल्या त्या पुस्तकांत लक्ष्मीबाईंनीं असल्या प्रश्नांचीं उत्तरें हंसतहंसत आणि कांहींही न लपवितां दिलीं. आमच्या पाहण्यांतील एका कर्मठ घरांत, जेथें मिशन हा शब्दही उच्चारीत नसत, तेथें या पुस्तकाचीं पानें हळदीच्या बोटांनीं पिवळीं झालेलीं आम्हीं पाहिलीं आहेत.

मासिकांनीं तर या गोडीवर पिढ्या पोसल्या. किर्लोस्करवाडीसारख्या माळरानावर वसविलेल्या गांवांतून शंकरराव किर्लोस्करांनीं १९२० त एक मासिक, १९३० त ‘स्त्री’ आणि १९३४ त ‘मनोहर’ काढलें. नांगर आणि चरक बनविणाऱ्या गांवाहून हीं मासिकें टपालानें आमच्या मोहोळसारख्या तालुक्याच्या गांवीं येत. मोहोळचें सांगावयाचें तर पुणें-सोलापूर लोहमार्गावरचें एक ठाणें, नागनाथाचें देऊळ, पंढरपूरकडे फुटणारा रस्ता, आणि उन्हाळ्यांत कोरडी पडणारी सीना. एवढ्यांत जन्म जाई. पुढें १९६० त पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ आली. आमच्या आत्याबाई त्या वेळीं वीस वर्षांच्या. पंढरपूरपलीकडे त्यांनीं कांहीं पाहिलेलें नव्हतें. पण लंडन-पॅरिसच्या गोष्टी त्या अशा सांगत कीं जणूं मधल्या आळींतून आतांच जाऊन आल्या आहेत. तेथें माणसें रांगेंत कशीं उभीं राहतात याची नक्कल त्या भाचरांस ओळीनें उभीं करून करून दाखवीत. हल्लीं आमच्या सूनबाई दुपारीं मोबाईलच्या पडद्यावर कोण्या हिमप्रदेशांतील बाई पाव भाजतांना पाहतात. थोरल्या जाऊबाई त्यास वेळेचा अपव्यय म्हणतात, आणि म्हणतां म्हणतां स्वतःही चष्मा पुसून पाहूं लागतात.

यावर घरोघरीं होणारा आक्षेप असा कीं, दुसऱ्यांचीं सुखें पाहून मन असंतुष्ट होतें. सुनेला आपलें घर अपुरें वाटूं लागतें. आक्षेप जुना आहे आणि आदरणीय माणसांच्या तोंडचा आहे, पण आम्हांस तो पटत नाहीं. मत्सरास जवळीक लागते. विलायतेंतील उमरावाचा हेवा मोहोळचा कारकून करीत नाहीं. तो आपल्याच परीक्षेला बसून मामलेदार झालेल्या मित्राचा करितो. घरांत वितुष्ट आलें तें पुण्यास राहणाऱ्या धाकट्या जावेनें नवा फ्रिज घेतला म्हणून आलें. बर्फांत राहणाऱ्या बाईच्या भट्टीमुळें कोणी रुसून जेवली नाहीं असें आमच्या ऐकिवांत नाहीं. जें आपणांस मिळण्याजोगें आहे त्याचाच हेवा वाटतो. फार दूरचें आयुष्य मनास विश्रांति देतें. ज्या एकत्र कुटुंबांत पहांटे पांचपासून रात्रीं दहापर्यंत प्रत्येक बाईचें नातें, काम आणि बसण्याची जागा ठरलेली असते, तेथें घटकाभर कोणाचीच सून, जाऊ किंवा सासू नसणें यांत केवढें सुख आहे, हें पुरुषांस समजावून सांगणें कठीण आहे.

संस्कृत साहित्यशास्त्राचा ज्यांनीं थोडा अभ्यास केला आहे त्यांस येथें साधारणीकरणाची आठवण होईल. भट्टनायकानें मांडलेला आणि अभिनवगुप्तानें पुढें विस्तारलेला हा विचार असा कीं, नाटकांतील दुःख प्रेक्षकास आस्वाद्य होतें, कारण तें माझें, शत्रूचें किंवा तिऱ्हाईताचें असे संबंध त्या वेळीं गळून पडतात. शकुंतलेस निरोप देतांना कण्वाचा गळा दाटतो. त्या वेळीं आपण कण्व नसतों आणि आपली मुलगीही सासरीं चाललेली नसते, तरी डोळे भरतात. ही उपपत्ति काव्यास चोख लागू पडते. आत्मवृत्तास आणि प्रवासवर्णनास मात्र ती अर्धीच लागते असें आमचें मत आहे. काव्यांत विशेष गळून पडावे लागतात. येथें विशेषांतच सगळी मौज. लक्ष्मीबाईंच्या जागीं ‘कोणी एक स्त्री’ घाला, पुस्तक तत्काळ निर्जीव होईल. आणि दुसरें म्हणजे, येथील माणूस खरा असतो. कण्वास आपण पत्र पाठवूं शकत नाहीं.

पत्र पाठविणारी एक बाई होऊन गेली. १८८० सालीं अमेरिकेंत, न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवची मिसेस कार्पेंटर ही गृहिणी दांताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसली होती. तेथें पडलेला ‘मिशनरी रिव्ह्यू’चा अंक तिनें सहज चाळला. त्यांत गोपाळराव जोशी नांवाच्या हिंदु गृहस्थाचा पत्रव्यवहार छापला होता: आपल्या पत्नीस शिकवावयाचें आहे, अमेरिकेंत कांहीं सोय होईल काय? उत्तरादाखल मिशनरी संपादकानें ख्रिस्ती धर्माचा उपदेश केला होता. कार्पेंटरबाईनें असल्या वाचनाचा शेवट आपण करितों तसा केला नाहीं. म्हणजे अंक मिटून, सुस्कारा टाकून, ती दांत दाखवावयास गेली नाहीं. तिनें त्या मुलीस पत्र लिहिलें. आनंदीबाई तेव्हां पंधरा वर्षांच्या होत्या. पुढें सुमारें तीन वर्षें एकमेकींस कधीं न पाहिलेल्या या दोघींनीं आपापल्या घरच्या चालीरीती, सणवार, खाणेंपिणें एकमेकींस लिहून कळविलें. आनंदीबाई तिला मावशी म्हणूं लागल्या. १८८३ सालीं त्या कलकत्त्याहून बोटीनें निघाल्या, न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ही मावशी घ्यावयास आली, आणि पहिला उन्हाळा त्या तिच्याच घरीं राहिल्या. १८८६ त फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेऊन त्या परतल्या त्या क्षय घेऊनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. त्यांच्या अस्थि कार्पेंटरबाईकडे पाठविण्यांत आल्या. तिनें त्या न्यूयॉर्क प्रांतांतील पोकीप्सी येथें आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेविल्या. आजही तेथें त्या नांवाचा दगड आहे. कुतूहल वाटावयास एक अंक पुरला. त्याचें नातें व्हावयास सात वर्षें आणि पुष्कळ टपालहंशील लागलें.

आतां कठीण भागाकडे वळूं. आपल्याहून वेगळें आयुष्य पाहावयास नेहमीं बोटींत बसावें लागतेंच असें नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत, अक्कलकोट तालुक्यांत, हन्नूर म्हणून गांव आहे. मोहोळहून सोलापूर आणि तेथून अक्कलकोटकडे, एस. टी. नें सकाळीं निघून संध्याकाळीं परत यावें इतका तो रस्ता. या गांवांत जन्मलेले शरणकुमार लिंबाळे यांनीं तिशीच्या आंत असतांना आपलें आत्मवृत्त लिहिलें. तें ‘अक्करमाशी’ १९८४ सालीं प्रसिद्ध झालें. शब्दाची व्युत्पत्ति सोनाराच्या तराजूंतली आहे. बारा मासे म्हणजे एक तोळा. एक मासा उणा तो अक्करमासा. लग्नसंबंधावांचून जन्मलेल्या मुलास आपला समाज हें तोळामाशाचें माप लावीत आला. त्या पुस्तकाच्या आरंभीं शाळेची सहल आहे. वरच्या आळीचीं मुलें डबे सोडून जेवतात आणि उरलेलें अन्न महारांच्या मुलांस देतात. पुढें लेखकाची आजी शेणांतून निघालेले ज्वारीचे दाणे धुऊन त्यांची भाकरी करिते. ज्वारी हें आमच्या सोलापूर जिल्ह्याचें मुख्य पीक. तिच्या भाकरीविषयीं आम्हीं केवढे अभिमानाचे उद्गार काढीत असतों! त्या भाकरीचा हा प्रकार आमच्या जिल्ह्यांत होता, आणि तो कांहीं पेशवाईंतला नव्हे.

हें पुस्तक आमच्या घरीं वाचनालयांतून आलें तेव्हां, रिवाजाप्रमाणें, रात्रीं जेवणानंतर मोठ्यानें वाचावयास घेतलें होतें. सहलीच्या प्रकरणानंतर थोरले काका ‘पुरें आज’ असें म्हणून उठले. दुसऱ्या दिवशीं तें पुन्हां कोणी काढिलें नाहीं. काका क्रूर नव्हते. ‘स्मृतिचित्रें’ ऐकतांना त्यांच्या डोळ्यांस पाणी येत असे. त्यांस काय अडचण वाटली तें आम्हांस नंतर विचार करितां उमगलें तें असें: दूरच्या आयुष्यांत आपण कोठेंच नसतों. लंडनच्या धुक्यांत, झांशीच्या वेढ्यांत, लक्ष्मीबाईंच्या ख्रिस्ती घरांत आपण पाहुणे. ‘अक्करमाशी’त आपण आहों. डबा सोडून बसलेल्या मुलांत आहों. ज्या शाळेंत हा प्रसंग घडला तसल्या शाळांतून आमचें सगळें आयुष्य मास्तरकींत गेलें. साधारणीकरण व्हावें कसें? अभिनवगुप्ताचा प्रेक्षक रंगमंडपांत बसलेला असतो. येथें त्याला रंगभूमीवर ओढून आणून त्याच्या हातांत डबा दिलेला आहे.

काकांनीं मिटविलेलें तें पुस्तक आमच्या वहिनींनीं स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसून चार दुपारांत संपविलें, आणि मुदत उलटल्याचा दंड स्वतःच्या पैशांनीं भरला. त्यावर त्या कधीं कांहीं बोलल्या नाहींत. असल्या पुस्तकावर लगेच बोलतां येत नाहीं, हें एक त्याचें वैशिष्ट्य आहे. कित्येक जण अलीकडे अशीं आत्मवृत्तें वाचून फार मोठमोठ्यानें हळहळतात. ती हळहळही आम्हांस फारशी आवडत नाहीं. दुसऱ्याच्या उपाशी पोटाची चव घेत बसणें हें लंडनच्या दुकानांचीं वर्णनें चघळण्याहून वाईट.

या संदर्भांत आणखी एका पुस्तकाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचें लहानसें दुकान होतें. सामान बांधावयास येणाऱ्या रद्दींतील वर्तमानपत्रें त्या गिऱ्हाईक नसेल तेव्हां वाचीत. वाचतां वाचतां लिहावेंसें वाटलें. पण घरच्यांपासून, नवऱ्यापासूनही, वह्या लपवून ठेवाव्या लागल्या, आणि त्या वीस वर्षें लपून राहिल्या. शेवटीं तें लेखन १९८२ त प्रसिद्ध झालें, तेंही कोठें? ज्या ‘स्त्री’ मासिकांत आमच्या बायका विणकामाचे नमुने शोधीत, त्याच ‘स्त्री’ मासिकांत. पुढें १९८६ त ‘जिणं आमुचं’ या नांवानें त्याचें पुस्तक झालें. मौज पाहा: आपण ज्या कागदावर परक्यांचीं आयुष्यें वाचून टाकून दिलीं, त्याच रद्दीच्या पुडीवर या बाईनें आपलें जग वाचलें, आणि उत्तर आपल्याच मासिकाच्या पत्त्यावर पाठविलें.

त्या पुस्तकांत आपलें माजघर बाहेरून दिसतें. आंत येण्याची सोय नव्हतीच. दिसतें तें अंगणांतून. महारवाड्यांतील बाई डोक्यावर लांकडाची मोळी घेऊन ब्राह्मण आळींत येते. घरांतली गृहिणी दुरूनच बजाविते कीं, मोळी नीट पाहून रच, तुझा एखादा केस किंवा लुगड्याचा दोरा लांकडास अडकून राहिला तर आमचें घर विटाळेल. ती बाई एक एक लांकूड चांचपून पाहते. लांकूड चुलींत जाणार, त्या चुलीवर नैवेद्य होणार. लांकडास विटाळ नाहीं, दोऱ्यास आहे. शुद्धाशुद्धीचे निर्णय सांगणारे ग्रंथ आम्हींही चाळले आहेत. त्यांचा हा असा अंगणांतील प्रयोग त्यांत लिहिलेला नाहीं.

गेल्या चातुर्मासांत हें प्रकरण आमच्या घरीं वाचलें गेलें. वाचणाऱ्या सूनबाई होत्या; या वेळीं उठून कोणी गेलें नाहीं. आत्याबाईंनीं आतां पंच्याऐंशी ओलांडली आहे. ऐकूं कमी येतें, म्हणून त्या अगदीं जवळ सरकून बसल्या होत्या. मोळीचें वर्णन झाल्यावर त्यांनीं सूनबाईंस थांबविलें आणि तेवढाच भाग पुन्हां वाचावयास सांगितला. मग म्हणाल्या, ‘आपल्याकडेही दर बाजाराच्या दिवशीं एक जण येई. मोळी परसांत टाकी. दोरे बघण्याचें काम आई मला सांगे. काठीनें एक एक लांकूड उलटून बघायचें. एकदां एक हिरवा दोरा सांपडला होता, तर अख्खी मोळी परत नेली तिनें. पैसे मागितले नाहींत.’

सूनबाईंनीं विचारलें, ‘तिचें नांव काय होतें, आत्या?’

ज्यांस ‘अपूर्वाई’तील गांवें अजून ओळीनें सांगतां येतात त्या आत्याबाईंनीं पुष्कळ आठवून पाहिलें. तिचा मुलगा बरोबर येई, त्याच्या पायांत कधीं कांहीं नसे, तो आमच्या पेरूच्या झाडाकडे पाहत उभा राही, एवढें त्यांस आठवलें. नांव त्यांस तेव्हांही ठाऊक नव्हतें. त्या म्हणाल्या, ‘पुढें वाच.’